वाळवंटात सोडायची गाडी

सोसायटीच्या बैठकीत 'गाडी हलवा' असं ठरलं. तिथून पुढे जे काही झालं त्याला मापसाहेब एकटेच जबाबदार नव्हते, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मापसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी सवय जाईना. भाजी घ्यायला गेले की आधी वजन उलटं करून तळाचा शिक्का बघायचे, आणि भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी मोठ्यामोठ्याने बोलायला लागायचा. इमारतीतले लहानथोर त्यांना मापसाहेब म्हणत. तोंडावर आदराने म्हणत, मागे कसे म्हणत ते मापसाहेबांना ठाऊक होतं.

गाडी त्यांच्या बायकोची होती. छोटी, जुनी, एके काळी पांढरी. ती वारली त्या दिवसापासून गाडी जिन्याजवळ ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्रीवर मांजरं झोपत, आणि सेक्रेटरींना आपल्या जावयाच्या नव्या गाडीसाठी ती जागा दिसत असे. बैठकीत मात्र ते जावयाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. ते म्हणाले, "मापसाहेब, आम्हाला तुमच्या भावना समजतात. पण उंदीर होतायत."

"इतकी मांजरं असताना?" मापसाहेबांनी विचारलं.

यावर सभेत बराच ऊहापोह झाला आणि उंदीर बहुमताने मंजूर झाले.

खरं म्हणजे ती गाडी डोळ्यांसमोरून जावी असं मापसाहेबांइतकं कुणालाच वाटत नव्हतं. त्या सकाळी बायकोच्या छातीत कळ आली. एरवी गाडी तीच चालवायची, ह्यांना जेमतेम यायची. त्या दिवशी हे चालवायला बसले, ती शेजारी. बाजाराच्या चौकात मधोमध गाडी बंद पडली. किल्ली फिरवली, घरघरली, गप्प झाली. मागून हॉर्न सुरू झाले. मापसाहेब खाली उतरून ढकलायला लागले, तर गाडी जागची हलेना. तेव्हा तिने खिडकीतून मान काढून सांगितलं, "आधी हँडब्रेक काढा."

हे तिचे शेवटचे शब्द. लोकांच्या बायका जाताना काय काय बोलून जातात, म्हणे. मापसाहेबांच्या वाट्याला हँडब्रेक आला. पुढे कुणाचा तरी टेंपो मिळाला, पण दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ही हकीकत त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. तिच्या धाकट्या भावालाही नाही. हा मेहुणा विमा एजंट होता. अनोळखी माणसाला मरणाविषयी तासभर मोकळेपणाने सांगू शकणारा, पण स्वतःची बहीण गेली त्या दिवसाबद्दल त्याने एकदाही विचारलं नव्हतं. दर आठवड्याला यायचा, चहा प्यायचा, पंख्याचा आवाज येतोय म्हणायचा, आणि जायचा. वेळेत पोचली असती तर ताई वाचली असती का, हा प्रश्न दोघांच्या मध्ये बशीसारखा पडून असे आणि दोघेही त्याला हात न लावता चहा संपवत.

तर गाडी हलवायची. आता इमारत म्हटली की सल्ले आले. सेक्रेटरी म्हणाले, विका. तळमजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली, "विकू नका हो. माझ्या जावेने नवऱ्यामागे त्याची सायकल विकली. तो घेणारा रोज तिच्याच दारावरून घंटी वाजवत जातो." तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने सुटे भाग काढून घ्यायचा सल्ला दिला. कोणते भाग त्याला उपयोगी पडतील तेही सांगितलं. मापसाहेबांना यातलं काहीच नको होतं. त्या गाडीत पुन्हा कुणी बसावं हेच त्यांना नको होतं. आपण विकायची, उद्या कुणी आपल्या आईला घेऊन निघायचं, आणि चौकात परत तेच. गाडी मोडीत जायला हवी. चेपून, सपाट होऊन.

मोडीच्या कचेरीत खिडकीमागे एक बाई स्वेटर घालून बसल्या होत्या. त्यांनी कागद उलटसुलट बघितले.

"मालक कुठे आहेत?"

"वारल्या."

"मग अर्जावर त्यांची सही नाही."

"नाही. त्या वारल्या."

"ते कळलं हो. मग गाडी आधी तुमच्या नावावर करा. त्यासाठी तपासणी लागते. गाडी चालवत इथे आणायची."

"चालत नाही म्हणूनच मोडीत काढायची आहे."

"चालत नसेल तर तपासता येत नाही. आणि तपासल्याशिवाय मोडीत घेता येत नाही," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट माया होती.

मापसाहेब भांडले नाहीत. हाच आवाज त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं दुकानदारांना ऐकवला होता. आज खिडकीच्या पलीकडून ऐकताना तो इतका बिनतोड वाटला की ते आभार मानून बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले.

तोड निघाली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून. मापसाहेबांच्या दाढेत दोन्ही हात घालून त्यांनी विचारलं, "तुमची ती जुनी गाडी आम्हाला देता का?" दर हिवाळ्यात हाडांचे एक निवृत्त डॉक्टर जुन्या गाड्यांचा ताफा घेऊन वाळवंटापलीकडच्या धर्मादाय दवाखान्याला सामान पोचवत. लोक त्यांना कप्तान म्हणत. गाडी जुनीच हवी, कारण पोचली तर ती दवाखान्याला दान द्यायची. "आणि वाटेत बंद पडली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर घटकाभर खटपट करायची. नाही जमलं तर माणसं आणि सामान पुढच्या गाडीत घ्यायचं, आणि गाडीला तिथेच वाळूत रामराम."

तोंडात बोटं असल्यामुळे मापसाहेबांना बोलता आलं नाही. पण वाळूत सोडून द्यायची म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दाढेमुळे आलं असं बाईंना वाटलं.

ही गाडी पोचणार नाही, याची त्यांना बालंबाल खात्री होती. जी बाजारापर्यंत गेली नाही ती वाळवंट काय ओलांडणार? ती कुठेतरी वाळूत बंद पडेल, आपण उतरू, आणि मागे वळून बघणार नाही. एवढंच त्यांना हवं होतं.

मेहुण्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मी येतो."

"तुझं काय काम?"

"ताईची गाडी आहे," मेहुणा म्हणाला, आणि पंख्याकडे बघायला लागला.

गॅरेजवाल्याने ताडपत्री काढली, नवी बॅटरी घातली, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"हिला झालं काय होतं?" त्याने विचारलं.

"बंद पडली होती."

"का?"

मापसाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो कापडाला हात पुसत निघून गेला.

ताफा निघाला तेव्हा मोठी शोभा होती. पुढे कप्तानांची लांबलचक काळी गाडी. तिला त्यांनी मुलीसारखी जपली होती, असं ते स्वतःच सांगत. त्यांना मुलगी होती, पण तिच्याबद्दल ते एवढं बोलत नसत. मग डॉक्टरीणबाईंची निळी गाडी, टपावर दात तपासायची खुर्ची बांधलेली. मग मंडपवाले दोघे भाऊ जीपमध्ये, खाटा आणि गाद्या घेऊन. शेवटी मापसाहेब. त्यांच्याकडे हलकं सामान दिलं होतं, बँडेजचे खोके आणि रुग्णांसाठी बसायचं भांडं असलेली एक खुर्ची. कप्तानांनी गाडीभोवती एक फेरी मारून मायेने म्हटलं होतं, "तुम्ही शेवटी राहा, मापसाहेब. म्हणजे कुणाची वाट अडणार नाही."

डांबर संपलं आणि वाळू लागली. लागल्या लागल्याच मंडपवाल्यांची जीप मेली. थोरल्याचं म्हणणं धाकट्याने गिअर चुकीचा टाकला, धाकट्याचं म्हणणं थोरल्याने जन्मभर चुकीचाच टाकला. मीठ नेणाऱ्या एका लॉरीत बसून दोघे भांडत परत गेले. त्यांच्या खाटा आणि गाद्या मागे राहिल्या, त्या काही डॉक्टरीणबाईंकडे, काही मापसाहेबांकडे आल्या.

मग निळी गाडी गेली. खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. बाईंनी वाकून बघितलं आणि दातांच्या डॉक्टरांची नेहमीची मुद्रा केली, म्हणजे दुखणार नाही म्हणतात तेव्हाची. खटपट झाली, जमलं नाही. टपावरची खुर्ची मापसाहेबांच्या टपावर आली. बाई मागच्या सीटवर खोक्यांच्या सांदीत बसल्या. रुग्णांची खुर्ची मेहुण्याच्या मांडीवर आली.

मापसाहेब हवालदिल झाले. गाडी बंद पडावी म्हणून ते मनोमन झुरत होते, आणि बंद पडत होत्या त्या बाकीच्या. वजन किती झालंय ते त्यांना नजरेने कळत होतं, आणि ते कोणत्याच नियमात बसत नव्हतं. तरी ही भरलेल्या म्हशीसारखी चालली होती. हाताने बिघडवणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं. खोट घालणाऱ्यांना दंड करण्यात आयुष्य गेलेलं. पण मुक्कामाला कप्तानांनी आपल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतलं तेव्हा त्यांनी ओतलं नाही.

"पाणी बघितलं का, दाजी?" मेहुण्याने विचारलं.

"बघितलं."

हे खरंच होतं. त्यांनी बघितलं होतं, आणि झाकण परत लावलं होतं. नोकरीत कुणी असं उत्तर दिलं असतं तर त्यांनी त्याला सोडला नसता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कान लावून बसले, आता उकळेल, मग उकळेल. काही नाही. उलट बॉनेटमधून वाफ निघाली ती कप्तानांच्या काळ्या गाडीच्या.

कप्तान गाडीला टेकून उभे राहिले. हाडांच्या डॉक्टरने मोडलेला पाय बघावा तसं त्यांनी आत बघितलं आणि बॉनेट लावून टाकलं. "चला," म्हणाले. आवाज बसला होता. मेहुण्याला दया आली. दया आली की त्याला धंद्याशिवाय दुसरं बोलता येत नसे.

"डॉक्टर, तुमचा विमा आहे का?"

"वाळवंटात विमा विकताय?"

"इथे गिऱ्हाईक ऐकून तरी घेतं. उठून जाणार कुठे?"

कप्तान हसले नाहीत. ते पुढे मापसाहेबांच्या शेजारी बसले आणि मेहुणा खुर्चीसकट मागे गेला. अख्खा ताफा आता त्या एका गाडीत होता. चार माणसं, टपावर दातांची खुर्ची, खिडक्यांतून बाहेर आलेले खाटांचे पाय. कप्तान गुडघे हनुवटीला लावून बसले होते, तरी अधूनमधून हात दाखवून ताफ्याचं नेतृत्व करत.

"काय गाडी आहे हो," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. "किती जपली असेल वहिनींनी."

 इतकं ओझं घेऊन, पाण्यावाचून, वाळूतून ही चालते. मग त्या दिवशी काय झालं होतं हिला? शेजारी एकच माणूस घेऊन गुळगुळीत रस्त्यावरून जायचं होतं. आरशात त्यांची नजर गेली तेव्हा मेहुणा त्यांच्याकडेच बघत होता. दोघांनीही नजर काढून घेतली.

दवाखाना म्हणजे बैठ्या खोल्यांची एक रांग आणि पाण्याची टाकी. सिस्टर बाहेर आल्या. जाडजूड, चपला फटफट वाजवत चालणाऱ्या. त्यांनी गाडी बघितली, मग गाडीच्या मागे लांबवर बघितलं.

"बाकीच्या कधी येतील?"

"आल्या," कप्तान म्हणाले.

सामान उतरवून झालं. आता गाडी द्यायची वेळ. मापसाहेबांनी घसा साफ केला. "सिस्टर, ही गाडी मी चालवायला देणार नाही. हिच्यात रुग्ण घालू नका. नेमकी हवी असते तेव्हा ही दगा देते. मोडून टाका, पत्रा वापरा, कोंबड्या ठेवा."

सिस्टरना वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्या पाणी आणायला वळल्या, तेवढ्यात एक माणूस मोटारसायकल तशीच आडवी टाकून धावत आला. टेकडीमागच्या वस्तीत त्याच्या चुलतीच्या छातीत कळा येत होत्या. घाम सुटला होता, ओठ काळे पडले होते. दवाखान्याची गाडी चाकं काढून विटांवर उभी होती.

सिस्टरनी मापसाहेबांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"ही गाडी नाही," मापसाहेब म्हणाले.

"दुसरी कुठे आहे, दाजी?" मेहुणा म्हणाला. तो आधीच बादलीने रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. ओतत राहिला, ओतत राहिला. भरलं तेव्हा त्याने वर दाजींकडे बघितलं आणि झाकण लावलं.

मापसाहेब चालवायला बसले. इतके दिवस ज्या गाडीने मरावं म्हणून त्यांनी देव पाण्यात ठेवले होते, तिला ते आता मनातल्या मनात विनवायला लागले. किल्ली फिरवायचीही भीती वाटली. गाडी सुरू झाली. जाताना थांबली नाही, येताना थांबली नाही. मागे ती बाई आडवी, डोकं मेहुण्याच्या मांडीवर. पुढे तिचा म्हातारा नवरा, दोन्ही हातांनी दाराचा दांडा धरून. खड्डा आला की तो मापसाहेबांकडे बघून मान हलवायचा, बरोबर चाललंय अशी. मापसाहेबांनी अशी गाडी जन्मात चालवली नव्हती. दाराशी थांबले तेव्हा बाई शुद्धीवर होती. तिने स्वतः पाय खाली टेकला, सिस्टरचा हात धरला आणि आत चालत गेली.

पोचलो, मापसाहेब स्वतःशी म्हणाले. वेळेत पोचलो. पायऱ्यांवर बसून त्यांनी मेहुण्याची बिडी मागून घेतली. ते बिडी ओढत नसत.

सावल्या लांबल्या तेव्हा दवाखान्यातला तरुण डॉक्टर बाहेर आला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला लागला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

"आम्ही सगळं केलं," तो म्हाताऱ्याला म्हणाला. "थोडं आधी आणलं असतं तर…"

म्हातारा मान वळवून मापसाहेबांकडे बघायला लागला.

मापसाहेब उठले. आवाज कचेरीतला होता. "डॉक्टर, थोडं म्हणजे किती?"

"अं?"

"थोडं आधी म्हणालात. किती आधी? निरोप आला तसे आम्ही निघालो. वाटेत थांबलो नाही. ती स्वतःच्या पायाने आत गेली. मग हे थोडं कुठून आणायचं होतं ते सांगा. ह्यांना सांगा, मला नको."

डॉक्टरने चष्मा घातला. फार तरुण होता. डोळे लाल झाले होते. "तसं नाही," तो म्हणाला. "आल्या तेव्हाच फार काही उरलं नव्हतं. घरीच सगळं होऊन गेलं होतं. ते आपलं… बोलायची पद्धत आहे."

मापसाहेब उभेच राहिले. त्यांनाही त्या दिवशी एका डॉक्टरने हेच सांगितलं होतं, याच शब्दांत, असाच खाली बघत. ते वाक्य त्यांनी घरी नेलं होतं आणि आजवर ते वजन खरं धरून चालले होते. शिक्का बघायचं सुचलंच नव्हतं. सिस्टरनी येऊन डॉक्टरला आत नेलं.

बाईला वस्तीवर परत न्यायचं होतं. गाडी तीच. मेहुणा न सांगता मागे बसला आणि तिचं डोकं पहिल्यासारखंच मांडीवर घेतलं. कप्तानांनी हलकेच दार लावलं. नवरा पुढे बसला.

टाकी मागे पडल्यावर म्हातारा बोलला. "तिला सकाळपासून बरं वाटत नव्हतं. म्हणाली, पित्त असेल. मीही म्हटलं, पित्त असेल. मी तेव्हाच निघालो असतो तर?"

 मापसाहेबांना खोटं वजन द्यायचं नव्हतं, आणि खऱ्याची खात्री कुणाकडेच नव्हती.

"तुम्हाला ते ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "कळलं तेव्हा तुम्ही निघालात. गाडी कुठे थांबली नाही, दवाखाना उघडा होता, डॉक्टर जागेवर होता. तरी गेली. वेळेत पोचूनही माणूस जातं, बाबा. आणि माझ्या बायकोच्या वेळी तर चौकातच गाडी बंद पडली होती. ती पोचली असती तरी…"

 इतकं तरी कसं बोललो ते मापसाहेबांना कळलं नाही.

मागे मेहुणा रडायला लागला. हुंदके देऊन, नाक ओढत, मांडीवरचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. कितीतरी वेळ तो थांबेना. म्हाताऱ्याने मागे वळून त्याच्याकडे बघितलं. त्याला नवल वाटलं असावं.

"तुमची ही कोण?" त्याने विचारलं.

"बहीण," मेहुणा म्हणाला.

 म्हाताऱ्याने डोक्याचा फडका सोडून मागे मेहुण्याच्या हातात दिला.

मापसाहेबांनी गाडी हळू केली. आता कुणालाच घाई नव्हती.